कुडू आधी ओळखा, मग बंदूक उचला : नामिबियात पहिल्यांदा शिकारीला जाणाऱ्यांसाठी

कुडू, म्हणजे आफ्रिकेतलं पिळदार शिंगांचं हरणासारखं जनावर, पहिल्यांदा दिसतो तो तुकड्यातुकड्यांनी. राखाडी काटेरी झुडपात आधी एक कान हलतो. मग कानाच्या वर काहीतरी चकाकतं, आणि ते शिंगाचं टोक असतं. इतका वेळ खोडाची सावली म्हणून सोडून दिलेली उभी रेघ म्हणजे अंगावरचा पांढरा पट्टा निघतो. दोनशे किलोंहून जड जनावर शंभर पावलांवर उभं असतं आणि आपण पाच मिनिटं त्याच्याकडेच बघत असतो, तरी ते दिसलेलं नसतं. इथले लोक त्याला ‘राखाडी भूत’ म्हणतात ते उगाच नाही.

नोकरीमुळे मी काही वर्षं नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला राहतो आणि हिवाळ्यात, म्हणजे इथे मे ते ऑगस्टमध्ये, इथल्या शेतांवर शिकारीला जातो. भारतातून आणि आखातातून येणारे मराठी मित्र नेहमी विचारतात की बंदूक कुठली घ्यायची, खर्च किती येतो, शिंगं किती मोठी मिळतील. माझ्या मते प्रश्नांचा हा क्रमच उलटा आहे. कुडूच्या शिकारीत बहुतेक सगळा वेळ दुर्बिणीचा असतो आणि चाप ओढण्याचं काम दोन सेकंदांचं. समोरचं जनावर कुठलं, नर की मादी, तरणं की म्हातारं, हे सांगता येत नसेल तर बंदूक खांद्यावरून उतरवायची नाही. त्यामुळे या लेखातही ओळख आधी येईल आणि बंदूक नंतर.

त्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. नामिबियाची व्यवस्था वेगळी आहे. 1975च्या निसर्ग संवर्धन अध्यादेशानं शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या ठरावीक वन्यप्राण्यांवर मर्यादित हक्क दिले, आणि 1996 मध्ये सामुदायिक जमिनीवरच्या गावांनाही तसा हक्क मिळाला. कुडूपासून उत्पन्न मिळू लागल्यावर शेतकऱ्याला गुरांच्या चाऱ्यात वाटेकरी झालेला कुडू नकोसा राहिला नाही. आज हा प्राणी जागतिक यादीत धोक्याबाहेरच्या वर्गात आहे. परदेशी पाहुण्यांसाठी हंगाम 1 फेब्रुवारी ते 30 नोव्हेंबर असतो. प्रत्येक शिकाऱ्यासाठी परवाना आधी काढावा लागतो आणि सोबत सरकारदरबारी नोंदलेला शिकार-मार्गदर्शक असल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. परवान्याचा कागद हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.

आधी ओळख

आपल्याकडे सांबरालाही हरीण म्हणतात आणि काळवीटालाही. पण सांबर-चितळांची फांद्या फुटलेली शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची शिंगं जन्मभराची असतात, आत हाड आणि वर नखासारख्या पदार्थाचं आवरण. त्यांना कुरंग म्हणतात. कुडू याच प्रकारातला. विदर्भातल्या वाचकांना आणखी एक ओळख देतो. शेतात घुसणारा रोही, म्हणजे नीलगाय, आणि कुडू दोघंही गाय-म्हशींच्या उपकुळातले आहेत. काळवीटापेक्षा रोहीच कुडूचा जवळचा नातेवाईक. उंच खांदे आणि मागे उतरती पाठ पाहिली की हे नातं डोळ्यांनाही पटतं.

इथे शिकार होते ती मोठ्या कुडूची. नर खांद्याशी साधारण दीड मीटर उंच, वजन दोनशे ते पावणेतीनशे किलो. अंगावर चार ते बारा उभे पांढरे पट्टे, दोन डोळ्यांच्या मध्ये पांढरी रेघ, मोठे गोल कान. नराच्या मानेवर आयाळ असते आणि गळ्याखाली हनुवटीपासून छातीपर्यंत केसांची झालर. शिंगं फक्त नराला, बाटली उघडायच्या पेचासारखी फिरत गेलेली. मादी अंगानं बारीक, तपकिरी, बिनशिंगाची. ती मान उंच करून कान फिरवते तेव्हा पुढे कान आणि मागे सगळं झुडूप, एवढंच दिसतं.

घोटाळा कुणाशी होतो? गेम्सबॉकशी होऊ नये, कारण त्याची शिंगं भाल्यासारखी सरळ, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, आणि नर-मादी दोघांनाही शिंगं. इलंड हा फिकट पिवळसर, बैलाएवढा, खांद्यावर वशिंड आणि गळ्याखाली बैलासारखीच लोंबती पोळी. त्याच्याही शिंगांना पीळ असतो, पण तो दोरीसारखा घट्ट आणि शिंग सरळ जातं. खरी गफलत न्यालाशी होते. तो मूळचा इथला नाही, पण काही शेतांवर आणून सोडलेला आहे. न्यालाचा नर गडद रंगाचा, केसाळ, कुडूपेक्षा बराच लहान. त्याच्या पायांचा खालचा भाग पिवळसर नारिंगी असतो, जणू मोजे घातलेत. शिंगांना जेमतेम दीड वळण. संध्याकाळच्या उजेडात अंगाचा रंग दगा देतो, म्हणून मी नेहमी सांगतो की पाय बघा. पूर्व आफ्रिकेत, केनिया-टांझानियाकडे, लहान कुडू ही वेगळी जात आहे. तिच्या अंगावर जास्त पट्टे असतात, मानेवर दोन पांढरे डाग असतात आणि गळ्याखाली झालर नसते. नामिबियात ती भेटणार नाही, पण चित्रं बघून अभ्यास करणारे दोन्हींची सरमिसळ करतात.

वय वाचायला शिका

नवख्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी ती इथे. वासराला सहा महिने ते वर्षभरानं शिंगं फुटतात. दोन वर्षांच्या आसपास पहिलं वळण पूर्ण होतं आणि अडीच वळणं व्हायला सहावं वर्ष उजाडतं. जंगलात नर साधारण सात-आठ वर्षं जगतो. म्हणजे ज्याला मारणं रास्त म्हणावं असा नर आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर असतो. त्यानं माज करून घेतलेला असतो, त्याची वासरं फिरत असतात. चार वर्षांचा नर मारला तर पुढची दोन-तीन वर्षं कळपाला जे रक्त मिळायचं ते तुम्ही काढून घेतलंत.

शिंगाच्या टोकाकडे बघा. तरण्या नराची टोकं आत किंवा मागे वळलेली असतात, म्हणजे शिंग अजून फिरतंय. पुऱ्या नराची टोकं बाहेर आणि थोडी पुढे उघडतात आणि टोकावर हस्तिदंती पांढरा ठिपका चमकतो. बाजूनं पाहताना वळणं मोजा. मग शिंग सोडून अंगाकडे या. म्हाताऱ्याची मान खांद्याएवढी जाड होते, पोट खाली उतरतं, मानेवरचे केस विरळ होऊन निळसर राखाडी कातडी दिसू लागते. चालही बदलते. तरणा नर मान उडवत चालतो, म्हातारा खांद्यावर ओझं असल्यासारखा.

शिंगांचं माप वळणावरून पट्टी फिरवून घेतात आणि 120 सेंटीमीटरच्या आसपासची शिंगं सर्वसाधारण मानतात. शिकारीतल्या शिंगांच्या मापांची जी रोलंड वॉर्ड नावाची नोंदवही आहे, तिच्यात दक्षिणेकडच्या कुडूसाठी किमान 53⅞ इंच, म्हणजे सुमारे 137 सेंटीमीटर लागतात. हा आकडा सांगतोय तो माहीत असावा म्हणून, त्याच्यामागे धावावं म्हणून नाही. टोकं झिजलेला, एक शिंग तुटलेला, मापात न बसणारा म्हातारा नर हीच माझ्या लेखी सगळ्यात चांगली शिकार आहे.

पहिल्या वर्षी मी झुडपावर आलेली दोन शिंगं पाहिली आणि बंदूक तिकाटण्यावर टेकवली. माझ्यासोबत दामारा समाजातले एक वयस्कर माग काढणारे होते. सगळे त्यांना ‘ऊम’ म्हणतात, आफ्रिकान्स भाषेत काका. त्यांनी काही न बोलता नळीवर हात ठेवला आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. नरानं तेवढ्यात मान वळवली. टोकं आत वळलेली होती, मान बारीक होती, गळ्याखालची झालर अजून विरळ होती. चारेक वर्षांचा असावा. आम्ही तो चरत निघून जाईपर्यंत बसून राहिलो.

घरी करायचा सराव सोपा आहे. कुडूच्या नरांचे फोटो जमवा, शिंगं बोटानं झाका आणि फक्त मान आणि पोट बघून वय सांगायचा प्रयत्न करा. शंभर फोटो झाले की नजर बसते.

बंदूक आणि सराव

भारतातून बंदूक आणायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक शेतांवर ती भाड्यानं मिळते. नामिबियाच्या नियमानुसार कुडूसाठी गोळीची नळीच्या तोंडाशी किमान 2700 जूल ऊर्जा हवी. .308, .30-06, 7 मिमी मॅग्नम, .300 विनचेस्टर या काडतुसांपैकी जे तुमच्या खांद्याला सोसेल ते घ्या. धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हातातली मोठी बंदूक ही लहान बंदुकीपेक्षा वाईट. गोळी वजनदार आणि आत जाऊन तुकडे न होणारी हवी. .30-06 साठी 180 ग्रेन वजनाची गोळी छान चालते.

सराव मात्र टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून करू नका. इथे गोळी चालते ती तीन काठ्यांच्या तिकाटण्यावरून, उभ्यानं, धाप लागलेली असताना. शंभर, दीडशे आणि दोनशे मीटरवर तसाच सराव करा. त्याआधी पन्नास पावलं पळून या, म्हणजे छाती धडधडत असताना काय होतं ते कळेल. सहा इंची ताटलीत सलग पाच गोळ्या ज्या अंतरावर बसतात, ते तुमचं अंतर. त्यापलीकडचा कुडू तुमचा नाही.

कपडे सुती आणि मळकट रंगाचे घ्या. नायलॉनची पँट काट्याला घासली की फाडल्यासारखी वाजते. बूट मऊ तळाचे, घरी महिनाभर वापरून घेतलेले. जुलैत पहाटे पाणी गोठेल इतकी थंडी असते आणि दुपारी सदऱ्यावर फिरता येतं, म्हणून थरांवर थर घाला. दुर्बीण 10×42ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि 42 मिमी भिंगाची असली की पुरे. पैसे वाचवायचे तर बंदुकीवर वाचवा, दुर्बिणीवर नको.

वेल्डमध्ये, म्हणजे इथल्या झुडपी रानात

मे ते ऑगस्ट हे महिने सगळ्यात बरे. पानं झडून झुडूप उघडं पडतं, आणि मे-जूनच्या सुमाराला माजावर आलेले नर माद्यांच्या मागे बाहेर निघतात. या काळात दोन नर झुंजताना शिंगं एकमेकांत अडकून दोघंही उपाशी मेल्याचं कधीकधी आढळतं. एरवी म्हातारा नर एकटा किंवा दोघातिघांच्या टोळक्यात, टेकडीच्या उतारावर दडून राहतो.

कुडू पाला खाणारा प्राणी आहे, त्यामुळे उघड्या गवतात त्याला शोधू नका. काळ्या काटेरी बाभळींची गच्च रानं, कोरड्या नद्यांचे काठ, खडकाळ टेकड्यांचे पायथे, ही त्याची जागा. इथलं एक झुडूप बोरीच्याच कुळातलं आहे. त्याचा एक काटा सरळ आणि दुसरा उलटा वाकडा असतो. आफ्रिकान्समध्ये त्याला ‘जरा थांब’ म्हणतात. कपडा अडकला की ओढू नका, एक पाऊल मागे जा आणि सोडवा. लहानपणी रानात बोरं वेचलेल्यांना ही विद्या अवगत असते.

सूर्य उगवायच्या आत टेकडीवर पोचा आणि बसा. चालणं नंतर. उजेड पाठीशी ठेवून समोरचा उतार पट्ट्यापट्ट्यानं चाळा, भाजी निवडतात तसा. अख्खं जनावर शोधू नका. आडवी रेघ शोधा, कारण झाडीत सगळं उभं असतं आणि पाठ तेवढी आडवी. उन्हात ओली चमक दिसली तर नाक असेल. उन्हं वर आली की कुडू सावलीला बसतो आणि चारनंतर पुन्हा चरायला निघतो.

दिसला की वारा बघा. लहानशा पुरचुंडीत राख ठेवा, चिमूटभर उडवली की दिशा कळते. वारा तुमच्या तोंडावर यायला हवा. पाठीमागून येत असेल तर तासाभराचा वळसा घाला, त्याला पर्याय नाही. त्याचे कान नजरेपेक्षा तीक्ष्ण आहेत. दगडावर दगड वाजला की सगळं संपलं. मादीनं तुम्हाला पाहिलं तर ती खोल, घोगरं भुंकते, कुत्र्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं, आणि शेपटीची पांढरी बाजू वर करून कळप उधळतो. तेव्हा बंदूक घाईनं उचलू नका. कुडूची एक खोड आहे. थोडं पळून गेल्यावर तो बरेचदा थांबतो आणि वळून बघतो. मार्गदर्शक काठ्या रोवून त्याच क्षणाची वाट बघत असतो.

गोळी

जनावर पूर्ण आडवं उभं राहीपर्यंत थांबा. पुढच्या पायाच्या मध्यावरून सरळ वर या, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर. आफ्रिकी कुरंगांचं हृदय बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा पुढे आणि खाली असतं. खांद्याच्या बरंच मागे धरलेला नेम पोटात जातो. तिरका, पाठमोरा उभा असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरा. तोंड तुमच्याकडे असेल, पळत असेल, टेकडीच्या माथ्यावर आकाशात उभा असेल किंवा मागे दुसरं जनावर असेल तर गोळी नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतोय. दुसऱ्या हंगामात दीडशे मीटरवर आडवा उभा असलेला म्हातारा नर मिळाला. मी चाप ओढला त्याच क्षणी त्यानं अर्धं पाऊल पुढे टाकलं. गोळीचा आवाज आला तो ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा, पोकळ. ऊमनी मान हलवली आणि आम्ही तासभर जागेवर बसलो, कारण पोटात लागलेल्या जनावराच्या लगेच मागे गेलं तर ते मैलोगणती पळतं. मग माग सुरू झाला. रक्त जवळजवळ नव्हतंच. एका पानावर हिरवट ओला डाग, वीस पावलांनी वाळूत एका खुराची जास्त खोल उमट. ऊम प्रत्येक खुणेपाशी एक काडी रोवायचे आणि पुढची सापडेपर्यंत ती काडी सोडायचे नाहीत. चार तासांनी तो एका खोलगट घळीत बसलेला सापडला. दुसरी गोळी लगेच घातली. ते चार तास त्यानं कसे काढले असतील, हे मला विसरता येत नाही. तेव्हापासून जनावराचे चारही पाय स्थिर दिसल्याशिवाय मी बोट चापावर नेत नाही.

गोळी सुटली की लगेच दुसरं काडतूस भरा आणि बंदूक खाली न घेता बघत राहा. तो कुठल्या झुडपापाशी दिसेनासा झाला ते लक्षात ठेवा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच सापडेल. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत. हिरवं दिसलं तर थांबा. पडलेल्या नराकडे पाठीकडून जा, शिंगांच्या बाजूनं कधीच नाही, आणि काठीनं डोळ्याला स्पर्श करून पाहा. पापणी हलली नाही तरच हात लावा. जखमी होऊन सापडला नाही तरी शेतावर त्याचे पूर्ण पैसे भरावे लागतात, आणि ते रास्त आहे.

लाळ गळणारा कुडू

ही गोष्ट जाहिरातींत सापडत नाही. नामिबियात कुडूंमध्ये रेबीज आहे. 1977 नंतरच्या काही वर्षांत मोठी साथ येऊन हजारो कुडू मेले आणि पुढे 2002च्या सुमारास ती परत उसळली. त्यामुळे एखादा कुडू माणसाला न घाबरता घराजवळ, पाण्याच्या टाकीपाशी घुटमळत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, पाय लटपटत असतील, तर ती सोपी शिकार समजू नका. लांब थांबा आणि शेतमालकाला सांगा. त्याचं मांस खायचं नाही, मुंडकं हाताळायचं नाही. धडधाकट दिसणाऱ्या जनावराचं तोंड आणि डोकं हाताळतानाही हातमोजे घाला. लाळ जखमेला लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

मांस, शिंगं आणि परतीचा रस्ता

दुपारच्या उन्हात मांस फार लवकर खराब होतं. पोट लगेच साफ करून जनावर बकीवर, म्हणजे उघड्या गाडीवर घालून शीतगृहात न्यायचं. काहीही टाकलं जात नाही. आतडी-कोथळा शेतावरच्या माणसांच्या घरी जातो आणि त्याच रात्री शिजतो.

कुडूचं मांस तंतूचं, जवळजवळ बिनचरबीचं आणि चवीला गोडसर असतं. त्याचं बिलटाँग करतात. रेषेच्या दिशेनं अंगठ्याएवढ्या जाड पट्ट्या कापून व्हिनेगरमध्ये बुडवतात, मीठ, मिरी आणि भाजून भरडलेले धने चोळतात आणि हवेशीर जागी चार-सहा दिवस टांगतात. पहिल्यांदा त्या खोलीत शिरलो तेव्हा भाजलेल्या धन्यांच्या वासानं आमच्या घरी मसाला कुटायच्या दिवसाची आठवण झाली. आम्ही रश्शाला खांद्याचं मांस घेतो आणि काळ्या मसाल्यात मंद आचेवर अडीच तास शिजवतो. चरबी नसल्यामुळे तेल जरा सढळ हातानं घालावं लागतं.

शिंगं घरी न्यायची असतील तर आधी विचार करा. भारतात वन्यप्राण्यांचे अवयव परवानगीशिवाय आणता येत नाहीत, आणि विमानतळावर पकडलं तर दंडापलीकडचं प्रकरण होतं. ‘माझ्याकडे नामिबियाची पावती आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. बिलटाँगही बॅगेत टाकू नका. माझ्या ओळखीतले बहुतेक भारतीय शिंगं शेतावरच ठेवून येतात. कवटी उकळून साफ केली की आवरण आतल्या हाडापासून सुटतं. मग ती भिंतीवर लावून खाली वर्ष आणि अंदाजे वय लिहितात.

आणि शेतावरून परतताना अंधार पडायच्या आत शहर गाठा. कुडू दोन मीटरचं कुंपण सहज ओलांडतो आणि दिव्यांच्या झोतात थेट रस्त्यावर उडी घेतो. इथल्या हमरस्त्यांवर लाल किनारीच्या त्रिकोणी पाटीवर काळा कुडू रंगवलेला दिसेल. ती पाटी दिसली की ताशी ऐंशीच्या खाली या आणि शेजारी बसलेल्याला डाव्या बाजूच्या झुडपांवर नजर ठेवायला सांगा.